ओला कचरा आवारात, तेलकट चिंध्या रांजणगावला

एकाच वर्षी दोन कामे माझ्याकडे आली. कोथरूडमधील आमच्या सोसायटीचा ओला कचरा आवारातच जिरवायचा होता, आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या मशीन शॉपमधून निघणारे जळके तेल, कूलंटचा (यंत्रावर धातू कापताना वापरायच्या थंडाव्याच्या द्रवाचा) गाळ व तेलकट चिंध्या नियमानुसार रवाना करण्याची व्यवस्था बसवायची होती. दोन्ही कामांमागचा विचार मात्र एकच होता आणि तो सिंगापूरला मुलीकडे राहिले असताना पक्का झाला.

सिंगापूर हा सुमारे 730 चौरस किलोमीटरचा देश; आपला पुणे जिल्हाच त्याच्या वीसपट मोठा आहे. तेथील लोरोंग हालुसची कचराभूमी 1999 मध्ये बंद झाली आणि मुख्य भूमीवर दुसरी जागा उरली नाही. तेव्हापासून जळण्याजोगा कचरा भट्ट्यांमध्ये जाळून, त्याचे आकारमान सुमारे 90 टक्क्यांनी घटवून, उरलेली राख समुद्रमार्गे सेमाकाऊ बेटावर नेली जाते. त्यासाठी समुद्रातच 7 किलोमीटर लांबीचा बांध घालून 350 हेक्टरांची जागा तयार केलेली आहे. तीही 2035 च्या सुमारास भरेल असा तेथील सरकारचाच अंदाज आहे, आणि म्हणूनच मोठ्या व्यापारी व औद्योगिक आस्थापनांना 2024 पासून अन्नाचा कचरा वेगळा काढणे बंधनकारक करण्यात आले.

या व्यवस्थेबद्दल मला आदर आहे, तरी तिची नक्कल पुण्याने करावी असे वाटत नाही. मुलीच्या इमारतीत कचरा टाकायची उभी नळी आहे. झाकण उघडून पिशवी सोडली की घरापुरता विषय संपतो. घरगुती कचऱ्याच्या पुनर्वापराचे तेथील प्रमाण 2023 मध्ये 12 टक्केच होते, आणि त्यात या सोयीचा वाटा मोठा असावा असे माझे मत आहे. शिवाय आपल्या कचऱ्याचा मोठा भाग भाजीची देठे, फळांच्या साली आणि शिळे अन्न असा ओला असतो. पाण्याने भरलेली ती सामग्री जाळण्यात उष्णता वाया घालवण्यापेक्षा तिचे खत करणे शहाणपणाचे. सिंगापूरकडून घ्यायचे ते हेच, की कचरा नेऊन टाकायला दूरवरची एखादी जागा आहे असे गृहीतच धरायचे नाही. पुण्याने ते वर्षानुवर्षे गृहीत धरले आणि त्याची किंमत, जिथे शहराचा कचरा नेऊन टाकला गेला त्या उरुळी देवाची व फुरसुंगीच्या लोकांनी, त्यांच्या विहिरींच्या पाण्याने, मोजली.

आमची सोसायटी चाळीसेक घरांची. 2016 च्या घनकचरा नियमांमध्ये दिवसाला 100 किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांवर जी जबाबदारी टाकलेली होती, तिच्यात आम्ही बसत नव्हतो. त्यामुळे सक्तीचा धाक दाखवणे शक्य नव्हते आणि सर्वसाधारण सभेत मन वळवूनच पुढे जावे लागले. आक्षेप दोनच होते: वास आणि पार्किंगची जागा. मागच्या भिंतीलगतची, कोणाच्याही गाडीच्या आड न येणारी पट्टी निवडली तेव्हा दुसरा आक्षेप मिटला. पहिला मिटायला प्रत्यक्ष खतच दाखवावे लागले.

जाळीदार विटांचे चार हौद बांधून घेतले. एक भरत असताना बाकीचे मुरत राहतात आणि शेवटचा रिकामा करायला येतो, असा क्रम. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेल्या पानांचा तेवढाच किंवा थोडा जास्त थर, हे या कामातले मुख्य सूत्र आहे. ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर असते, पानांत कर्ब. दोहोंचे प्रमाण 25 ते 30 भाग कर्बाला एक भाग नत्र असे जमले की सूक्ष्मजीव जोमाने काम करतात आणि ढिगाच्या पोटातले तापमान 55 ते 65 अंशांपर्यंत चढते. पाने कमी पडली की हवा कोंडते, खालून काळे पाणी गळू लागते आणि ज्या वासाची सर्वांना भीती असते तो वास तेव्हा येतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारात जो पालापाचोळा पडतो आणि जो पूर्वी कोपऱ्यात पेटवून दिला जाई, तो आता पोत्यांत भरून पत्र्याखाली ठेवतो. पावसाळ्यात कोरडे पान मिळत नाही, त्यामुळे ही पोती हेच आमचे चार महिन्यांचे भांडवल असते. ओलावा पाहायची रीत सोपी आहे: मूठभर कचरा पिळावा, बोटे ओलसर व्हावीत पण थेंब पडू नये. आमटी-रश्शाचे पाणी घरातच निथळून घ्यावे, नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय हौदात टाकू नये, एवढे पथ्य पाळले तरी निम्म्या तक्रारी कमी होतात.

सर्वात मोलाची शिकवण मला आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंकडून मिळाली. त्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. प्रत्येक मजल्यावर सूचनापत्रके लावण्याचा माझा बेत ऐकून त्या म्हणाल्या, “मॅडम, कागद लावून कोणी वाचत नाही. मी डबा दारातच उघडून बघते, तुम्ही आठवडाभर माझ्यासोबत फिरा.” मी फिरले. उरलेल्या पोह्यांत अडकलेली दुधाची पिशवी, वर्तमानपत्रात न गुंडाळलेले सॅनिटरी पॅड, औषधांच्या पट्ट्या: हे सारे कोणाच्या तरी हातांनी वेगळे करावे लागते, हे घराघरांतील माणसांनी दारात उभे राहून पाहिले, आणि बदल त्यानंतर झाला. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत आता आमच्याकडे सर्व घरांत रुळली आहे. सुका कचरा ताईंनाच दिला जातो, कारण त्यावर त्यांचे उत्पन्न अवलंबून आहे. तो परस्पर विकून सोसायटीचा निधी वाढवावा, ही सभेत आलेली सूचना मी ठामपणे नाकारली. महापालिकेकडून अशा प्रकल्पांसाठी मिळकतकरात सवलत मिळते, तिचा अर्ज व पाहणी हे काम त्या मानाने सरळ होते.

कारखान्याच्या बाबतीत समजूत घालण्याऐवजी कागदपत्रांची शिस्त लागते. आमच्या भागात जळके तेल आणि चिंध्या रोख पैसे मोजून नेणारे पुष्कळ फिरतात, परंतु तो माल पुढे कोठे जातो हे कोणीच सांगू शकत नाही. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल 5.1 या वर्गात आणि तेलकट चिंध्या 33.2 या वर्गात मोडतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात या दोहोंचे वार्षिक प्रमाण नमूद असावे लागते. आमचा अर्ज एकदा परत आला, कारण साठवणुकीच्या जागेचा नकाशा जोडलेला नव्हता. त्यानंतर शेडच्या एका कोपऱ्यात पक्के छत, तेल न मुरणारी फरशी आणि सांडलेले तेल अडवणारा वीतभर उंचीचा कठडा करून घेतला. प्रत्येक बॅरलवर झगझगीत पिवळे लेबल असते आणि त्यावर ‘घातक कचरा’ ही सूचना लाल अक्षरांत हिंदी, इंग्रजी व मराठीत लिहिलेली असते. माल साधारणतः 90 दिवसांहून अधिक ठेवता येत नाही.

तेल अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडे जाते आणि चिंध्या व गाळ शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या सामायिक प्रक्रिया केंद्रात. गाडीबरोबर मॅनिफेस्ट नावाचे रंगीत प्रतींचे पत्रक जाते. पांढरी प्रत मंडळाला, पिवळी आपल्याकडे, आणि माल पोहोचल्याची खात्री देणारी निळी प्रत केंद्राकडून आपल्याकडे परत येते. ती निळी प्रत फाइलला लागेपर्यंत खेप पूर्ण झाली असे मी मानत नाही. या हिशेबामुळे किती तेल खर्ची पडते हेही प्रथमच समोर आले. कूलंटवर तरंगणारे तेल काढणारा एक साधा स्किमर बसवल्यावर कूलंट अधिक काळ टिकू लागले आणि गाळही घटला. ज्याची नोंद ठेवली, त्याचाच उपसा कमी करता आला.

वाहतुकीचा खर्च एकट्या छोट्या युनिटला जड जातो, म्हणून आमच्या गल्लीतील तीन शेजाऱ्यांशी बोलून, प्रत्येकाचे मॅनिफेस्ट स्वतंत्र ठेवून, एकाच फेरीत गाडी बोलावण्याचे ठरवले आहे. त्यांपैकी दोघांकडे अजून संमतीपत्रात या वर्गांची नोंद नाही. त्यांचे अर्ज आणि साठवणुकीचे नकाशे सध्या मी तयार करून देत आहे, जेणेकरून 30 जूनपर्यंत भरायचे वार्षिक विवरणपत्र त्यांनाही खऱ्या आकड्यांनिशी भरता येईल.