गॅस कमी नव्हता

मे महिन्यात आम्हा एसीवाल्यांना जेवायलाही सवड नसते. त्या दिवशी सकाळपासून चार कामं झाली होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुकानावर येऊन डबा उघडला, तोवर ताराबाई पार्कातनं एका आज्जींचा फोन आला. "मिस्त्री, आमच्या एसीचा कॉम्प्रेसर गेलाय म्हणं. बदलायला सोळा हजार सांगितल्यात. पैसे भरायच्या आधी तुम्ही एकदा बघून जावा की."

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, वर थेट गच्ची. आजोबा अर्धांगवायूनं दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. पाठीखाली घाम राहिला की कातडी सोलते, म्हणून दुपारी तरी एसी लागतोच. आज्जी ओल्या पंच्यानं त्यांची पाठ टिपत होत्या. कुशीवर वळवलं की आजोबा डोळे घट्ट मिटून घ्यायचे. हे बघितल्यावर गडबडीत काम उरकायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

मी पहिल्यांदा विचारलं, "बंद कधी पडतोय?"

"सकाळी बरा चालतोय. रात्रीबी चालतोय. बाराच्या पुढं लावला की दहा मिनिटं गार, मग नुसतं वारं."

निम्मं निदान इथंच झालं. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून फिरवणारं एसीचं काळीज. तो खरंच जळाला असेल तर तो सकाळीही चालणार नाही आणि रात्रीही नाही. ऊन चढल्यावरच बंद पडणारं मशीन म्हणजे बाहेर टाकायची उष्णता बाहेर पडत नाही. कॉम्प्रेसर तापतो, त्याचा ओव्हरलोड स्विच लाईन तोडतो, थंड झाला की पुन्हा जोडतो. तो स्विच कॉम्प्रेसर वाचवायला धडपडतोय आणि आपण म्हणतो कॉम्प्रेसर गेला!

आज्जींनी दहा दिवसांपूर्वीचं बिल दाखवलं. सर्व्हिसिंग आणि गॅस टॉपअप. त्यानंतर तर जास्तच बंद पडायला लागला होता.

गच्चीवर त्या इमारतीची सहा आउटडोअर, म्हणजे एसीची बाहेरची मशीनं, एका ओळीत. आज्जींचं मशीन २०१२ चं, दीड टनाचं, आर २२ गॅसवरचं. वायरीभोवती धरून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला. मशीनच्या पाटीवर ७.८ अँपिअर, चालू केल्यावर ९.२, आठव्या मिनिटाला १०.९. मग 'टक' आवाज झाला, कॉम्प्रेसर थांबला, पंखा फिरत राहिला. थांबायच्या आधी गेजवर सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरकडं परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर, ९२ पीएसआय दिसलं होतं. या गॅसला ते साधारण ६५ ते ७० असावं.

इथं मला तळमळीनं सांगायचंय, कारण गिऱ्हाईकाचे सगळ्यात जास्त पैसे इथंच जातात. 'कुलिंग नाही' म्हटलं की 'गॅस कमी झालाय' हे उत्तर तयार असतं. अहो, एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठंतरी लीक आहे, आधी ते शोधायला पाहिजे. आणि गॅस कमी असेल तर प्रेशर खाली येतं, अँपिअरही खाली येतात. इथं दोन्ही वर. म्हणजे एक तर गॅस जास्त झालाय, नाहीतर आउटडोअरमधनं वारा जात नाही. चुलीचं धुराडं बुजलं की घरात धूर कोंडतो, तशी आत उष्णता कोंडते.

पंख्याच्या मोटरला जोर देणारा कपॅसिटर मोजला, बरोबर होता. पंख्यापुढं हात धरला तर भट्टीच्या तोंडाशी धरल्यासारखी झळ, पण वाऱ्याला जोर नाही. मात्र मागनं कॉइल, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची जाळी, बघितलं तर लख्ख! फिन, म्हणजे त्यावरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, चमकत होत्या. क्षणभर मलाही वाटलं, हे तर स्वच्छ आहे. मग पावती पुस्तकातला कागद फाडून चालत्या कॉइलच्या पाठीला लावला. वारा ओढत असेल तर कागद चिकटून बसतो. हा घसरून खाली पडला.

खाली जाऊन एमसीबी, म्हणजे लाईनचा मुख्य स्विच, बंद केला, माझ्या हाताखालच्या पोराला तिथंच उभं केलं, म्हणजे कुणी चुकून चालू करायला नको. कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरवली, पंखा काढला. मग पोराच्या जागी आज्जींच्या नातवाला थांबवून पोराला वर बोलावलं आणि मागनं टॉर्च मारायला सांगितलं. मी आतनं बघतोय. वरच्या चार बोटांत उजेड दिसला, त्याच्याखाली ठार अंधार.

हे कॉइल दोन रांगांचं होतं. टोकाच्या पट्टीचे स्क्रू काढले, तांब्याच्या नळीला ताण बसणार नाही इतपत, बोटभर फट उघडली. आत घोंगडं होतं. दुसरा शब्द सुचत नाही. करड्या रंगाचा, दाबून बसलेला थर. चिमट्यानं धरून ओढला तर वीतभर पट्टी अखंड निघाली, आणि तिच्यात मिरीएवढ्या काळ्या बिया. मी मान वर केली. कंपाउंडच्या पलीकडं उंच सावर उभी होती, बोंडं फुटलेली. लहानपणी 'म्हातारी' म्हणून आम्ही जिच्यामागं धावायचो, तोच कापूस.

वरवर स्वच्छ आणि आत बुजलेलं, असं का? कारण प्रत्येक सर्व्हिसिंगला बाहेरनं जेट मारला होता. बाहेरची रांग धुतली गेली आणि तिच्यावरचा कापूस दोन रांगांच्या मधे जाऊन बसला. पाणी नेहमी आतनं बाहेर मारायचं, वारा येतो त्याच्या उलट्या दिशेनं. जेट अगदी जवळ धरायचा नाही, फिन झोपतात आणि धुऊनसुद्धा वाट बंदच राहते.

सव्वा तास लागला. चिमट्यानं काढलं, मऊ ब्रश उभा फिरवला, मोटर आणि वायरी प्लॅस्टिकनं झाकून हलकं पाणी मारलं. ॲसिड घेतलं नाही, ते ॲल्युमिनियम खातं. शेवटी टॉर्च मारला तर चाळणीतनं यावा तसा उजेड आला.

चालू केल्यावर ८.४ अँपिअर, सक्शन ८०. अजून जास्तच, कारण दहा दिवसांपूर्वी घातलेला जादा गॅस आत होता. तो हवेत सोडला नाही. आर २२ ओझोनच्या थराला मारक आहे, १९८७ च्या माँट्रियल करारामुळं जगभर तो बंद करत आणलाय. थोडा थोडा करून रिकव्हरी सिलिंडरमध्ये, म्हणजे काढलेला गॅस साठवायच्या टाकीत, घेतला, वजन ३१० ग्रॅम भरलं. आता सक्शन ६८, अँपिअर ७.३. तासाभरानं खोलीत २६ अंश आणि ग्रीलमधनं १४ अंशांची हवा. दुपारचे साडेतीन वाजलेले, आणि कॉम्प्रेसर एकदाही थांबला नव्हता. आज्जींनी आजोबांच्या पाठीवरनं कोरडा हात फिरवला आणि मला तो तळवा दाखवला.

तोवर शेजारी जमले. एक जण म्हणाले, "ते झाडच पाडूया." मी हात जोडले. कापूस उडतो तो महिना-दीड महिना, पाऊस लागला की थांबतो. तेवढ्यासाठी एवढं जुनं झाड? जूनमध्ये एकदा आतनं धुऊन घ्या, झालं. दुसऱ्यांनी जाळी बसवायचं काढलं. बारीक जाळी म्हणजे पुन्हा वाराच अडवायचा, तेही नको म्हटलं. मग बाकीच्या पाचही मशीनना टॉर्च लावून बघितला. तिघांत अंधार.

आज्जी आधीच्या मेकॅनिकला फोन लावून झाडणार होत्या. मी म्हटलं, "आज्जी, नंबर द्या, मी बोलतो." तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. लबाडी नव्हती, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सहा वाजता तो गच्चीवर आला. ती करडी पट्टी हातात घेऊन त्यानं उलटीपालटी करून बघितली. बराच वेळ बोलला नाही.

मग शेजारच्या मशीनपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "दादा, यातले कुठले स्क्रू काढायचे, तेवढं दाखवा की."