टॉप गिअर टिकला पाहिजे

आमच्या टाटा १२१० ट्रकचा क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चक्रांची जोडी, वाजायला लागला. ॲक्सिलरेटर सोडला की मागून घरघर यायची. हौसिंग, म्हणजे त्या जोडीवरचं कवच, उघडावंच लागणार म्हटल्यावर कळंबोलीत जो भेटेल तो सांगायचा, "ताई, उघडताच आहात तर ४१/७ टाका, गाडी पळेल." यातला पहिला आकडा क्राउनच्या म्हणजे मोठ्या चक्राच्या दात्यांचा, दुसरा पिनियनच्या म्हणजे छोट्या चक्राच्या. मी ४१/७ टाकला नाही, ३७/६ टाकला. त्यामागचा हिशेब इथे मांडते. जुन्या गाडीचा क्राउन बदलताना हा प्रश्न प्रत्येक मालकापुढे येतो, आणि "पळेल का" एवढंच बघून त्याचं उत्तर निघत नाही.

आधी गाडीची कुवत. १२१० या नावातच ती आली. बारा टन एकूण वजन आणि शंभरेक एचपी, टर्बो नाही. म्हणजे टनामागे आठ-नऊ एचपी. वीसात एक असा चढ धरा. बारा टनांची गाडी त्यावर ताशी ३० किलोमीटरने न्यायची तर नुसत्या चाकांवर पंच्याहत्तरच्या वर एचपी लागतात. गिअर बॉक्स आणि हौसिंगमध्ये जाते ती ताकद वेगळीच. थोडक्यात, कसारा घाटात ही गाडी भरलेली असताना तिशीच्या आसपासच चढणार. क्राउन कुठलाही घाला, इंजिनात नसलेली ताकद तो आणून देत नाही. इंजिनाचे किती फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा व्हावा, एवढंच तो ठरवतो.

जुन्या क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला ६, म्हणजे ६.८३. तुमच्या गाडीत काय आहे हे हौसिंग न उघडताही कळतं. मागचं एका बाजूचं चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना ओट लावा, गाडी न्यूट्रलला. गिअर बॉक्सपासून मागे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. एक चाक अडलेलं असलं की क्राउन अर्धाच फिरतो, म्हणून दोन फेरे. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे घेईल तो तुमचा रेशो. आमचा शाफ्ट सात पुरे व्हायला थोडासा कमी पडला. हौसिंग उघडल्यावर दाते मोजले तर तेच निघालं.

आता रस्ता. आमचं काम मुख्यतः लोखंड बाजारातून सळ्या आणि पत्रा भरून शिळफाट्यावरून मुंब्रा बायपास, पुढे भिवंडी. अधूनमधून नाशिक. येताना बहुतेक वेळा रिकामी. ९.००-२० च्या टायरचा एक फेरा साधारण ३.१ मीटरचा. टॉप गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे त्यात शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो, त्यामुळे ताशी ४५ ला इंजिनाचे फेरे निघतात ते असे: ४१/६ वर १६५० च्या आसपास, ३७/६ वर १४९०, ४१/७ वर १४१५. कागदावर ४१/७ जिंकतो, डिझेल वाचेल असं वाटतं.

पण भरलेल्या गाडीला ४५ च्या चालीत, किंचित चढावर, १४१५ फेऱ्यांवर ओढ राहत नाही. ड्रायव्हर काका चौथ्यात येणारच. आमच्या गिअर बॉक्समध्ये चौथा दीडच्या जवळपास आहे, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे दीड फेरे. त्याच ४५ ला ४१/७ घालून चौथ्यात चाललात की इंजिन २१०० च्या वर. जुना ४१/६ हेच काम टॉपमध्ये १६५० वर करत होता! पळणारा क्राउन घालून इंजिन आधीपेक्षा जास्त फिरवायचं आणि वर डिझेल जास्त जाळायचं, हे मला पटत नाही. कमी ताकदीच्या गाडीला मी एकच गोष्ट विचारते: तुझ्या रोजच्या रस्त्यावर, रोजच्या मालासकट, टॉप गिअर किती वेळ टिकतो? वरचा वेग किती हे त्यानंतर.

म्हणून क्राउन मागवण्याआधी मी काकांच्या शेजारी बसून भिवंडीपर्यंत गेले आणि गाडी कुठे टॉपमधून उतरते ते वहीत टिपलं. मुंब्रा बायपासच्या चढावर ती जुन्या क्राउनवरसुद्धा खालच्या गिअरमध्येच असते, तिथे बदलाने फारसं बिघडणार नव्हतं. सपाटीला मात्र टॉपमध्ये ओढ शिल्लक होती. काकांना पाय मागे घ्यावा लागत होता, गाडी नुसती ओरडत होती. ती शिल्लक दहा टक्क्यांच्या बदलाला पुरेल असं आम्हा दोघांना वाटलं, पंधराला नाही.

उठावाचाही विचार करावा लागतो. ३७/६ वर पहिल्या गिअरमधली ओढ दहा टक्क्यांनी कमी होते, ४१/७ वर चौदा. शिळफाट्याच्या जाममध्ये बारा टन घेऊन दर दहा पावलांवर थांबायचं आणि उठायचं, त्यात ही तूट क्लच प्लेट भरून काढते. चढावर गाडी उठवताना क्लचचा वास आत्ताच येत असेल, तर रेशोला हातच लावू नका. दिवसभर शहरात किंवा बंदरातल्या यार्डात चालणाऱ्या गाडीला मी ४१/६ च ठेवेन.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने क्राउन स्वस्तात मिळतात. घ्यायचाच तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, दोघांवरचे जोडीचे नंबर जुळवून बघा. आम्ही नवा घेतला. मिस्त्रींनी तेलात शेंदूर कालवून दात्यांना लावला, पिनियन हाताने फिरवला आणि मला बोलावून दाखवलं: ठसा दात्याच्या बाहेरच्या टोकाकडे सरकलेला होता. शिम, म्हणजे बसवणीतल्या पातळ चकत्या, बदलून पुन्हा लावला, पुन्हा फिरवला. ठसा बरोबर मध्यावर आला तेव्हाच त्यांनी बोल्ट आवळले. ही अर्ध्या दिवसाची मजुरी वाचवायला जाऊ नका, नवा क्राउनसुद्धा चुकीच्या बसवणीत वाजायला लागतो.

सपाटीला साठच्या चालीत आता इंजिन २२०० च्या जागी २००० वर आहे आणि केबिनमध्ये बोललेलं ऐकू येतं. भिवंडीच्या वाटेवर टॉप टिकतो. कसाऱ्यात चाल पूर्वीचीच आहे. एक गोष्ट लगेच करा: मीटरची केबल गिअर बॉक्सवरून येते, त्यामुळे मीटर अजून जुनाच हिशेब दाखवतो. काटा ५० वर असताना आमची गाडी ५५ ने चाललेली असते. मोबाईलच्या जीपीएसवर पडताळून मी काचेवर तसा कागद चिकटवलाय. किलोमीटरही तेवढेच कमी पडतात, म्हणून ॲव्हरेज काढताना मीटरच्या आकड्यात दहा-अकरा टक्के मिळवून घ्या, नाहीतर डिझेल वाढलं असं वाटून तुम्ही मिस्त्रींशी भांडाल.