लाइन आली की चेक बदलायचा

डिसेंबरातली पहाट, साडेपाच. वरूडकडच्या वावरातून काकांचा फोन. "पोरा, तुह्या डब्यानं माह्या बगीच्याचा ताण मोडला."

आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडीनंतरच्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याचं पाणी तोडलेलं असतं, तोच ताण. टाकं भरायचं होतं ते शेजारच्या हरभऱ्यासाठी. ते रातभर ओसंडलं, पाणी तीन ओळींत शिरलं. आता फुलाऐवजी नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटली तर काका मला जन्मभर ऐकवतील, आणि ऐकवावंच.

डबा म्हणजे मी केलेला मोटरचा कंट्रोलर: ईएसपी८२६६ ही छोटी वायफाय चिप, त्यावर नोडएमसीयूचं लुआ ५.१ (प्रोग्रॅमिंगची भाषा), मोटर चालू-बंद करणारा रिले आणि बॅटरी. टाकं भरलं की मोटर बंद. दुकानात टेबलावर आठ दिवस बिनचूक चालला होता.

टाक्यातलं पाणी ओळखणाऱ्या फ्लोटच्या फाइलीत मी लिहिलं होतं 'फंक्शन चेक()', म्हणजे 'चेक' नावाचा कोडचा तुकडा. व्होल्टेजची फाइल भागीदाराची, त्यातही 'फंक्शन चेक()'. लुआत 'लोकल' लावलं नाही की नाव ग्लोबल, म्हणजे सगळ्या फाइलींचं सामाईक, आणि नंतरची व्याख्या आधीचीला गिळते, हूं की चूं नाही. सुरुवातीला माझी फाइल शेवटी लोड व्हायची. म्हणजे टेबलावर आठ दिवस व्होल्टेज कुणी तपासतच नव्हतं! पण लाइन जाऊन परत आली की भागीदाराची फाइल 'डूफाइल' या कमांडनं पुन्हा लोड व्हायची. दुकानात लाइन गेलीच नाही. वावरात थ्री-फेज लाइन तेव्हा रात्रीच यायची. पहिल्याच रात्री फ्लोटचा चेक पुसला गेला.

दर सेकंदाला तपासणी चालवणाऱ्या टायमरला नुसतं 'चेक' दिलं असतं तर त्यानं जुनंच फंक्शन धरून ठेवलं असतं. मी शहाणपणानं 'फंक्शन() चेक() एंड' असं गुंडाळलं, म्हणून दर सेकंदाला नाव नव्यानं शोधलं जायचं.

बांधावर बसून दोन्हीकडे 'लोकल' लावलं. बोर्ड रीस्टार्टवर रीस्टार्ट. माझ्या फाइलीत मोटरची दोन फंक्शनं, 'सुरू' आणि 'बंद'; वरचं 'सुरू' खालच्या 'बंद'ला हाक मारत होतं. लोकल नाव जाहीर व्हायच्या आधी दिसत नाही, ग्लोबलमध्ये शोधलं तर निल, म्हणजे काहीच नाही. मग वर 'लोकल बंद' लिहिलं आणि खाली सवयीनं पुन्हा 'लोकल फंक्शन बंद()'. तो दुसराच 'बंद' झाला, वरचा निलच. खालचं 'लोकल' खोडलं तेव्हा कुठे चाललं. भागीदार फोनवर म्हणत होता, "माझी फाइल तर बरोबर आहे." होतीच म्हणा, एकटी असती तर.

निघताना फ्लोटची वायर स्टार्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्येही टाकली. कोड झोपला तरी टाकं भरल्यावर मोटर बंद पडेल.

काका बघत होते. "मंग हे पह्यलेच काऊन नाही केलं?"