तुम्ही विचारलंत म्हणून: पाणीच घालायचं, तर एवढी कडक कशाला?

आम्ही अमेरिकेत, सिनसिनाटीत राहतो. नदी ओलांडली की केंटकी, म्हणजे बर्बन या मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीचं माहेरघर. त्यामुळे भारतातून येणारे पाहुणे आमच्याकडच्या बाटल्या निरखतात, वाइल्ड टर्की कंपनीच्या रेअर ब्रीड या बर्बनवरचा ११६.८ प्रूफ हा आकडा वाचून दचकतात, आणि मग मी ग्लासात मोजून पाणी घालताना दिसले की हमखास विचारतात: पाणीच घालायचं होतं, तर एवढी कडक घेतलीत कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबेल.

आधी आकडा. अमेरिकन प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट, म्हणून ११६.८ म्हणजे ५८.४ टक्के. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्क्यांशेजारी ७५ डिग्री प्रूफ लिहिलेलं असायचं, ती ब्रिटिशांची मोजणी. तिच्यात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७ टक्के. दोन्ही देशांचे प्रूफ शेजारी ठेवून उपयोग नाही, टक्केच बघायचे.

बर्बन बॅरलमध्ये भरताना ६२.५ टक्क्यांहून कडक असू नये आणि बाटलीत ४० टक्क्यांहून सौम्य असू नये, असा अमेरिकेचा नियम आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर कंपन्या बहुधा पाणी घालून कापतात. बॅरल प्रूफ बाटलीत ते घातलेलंच नसतं, किंवा नावापुरतं असतं. काही बाटल्या तर ६५ टक्क्यांच्याही वर जातात. केंटकीच्या गोदामांत वरच्या मजल्यांवर उन्हाळ्यात भयंकर उकडतं, हवा कोरडी पडते, आणि लाकडातून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं. स्कॉटलंडच्या दमट थंडीत याच्या उलट होतं, तिथे वर्षं जातील तशी व्हिस्की सौम्य होत जाते.

तेव्हा पाणी कुणी ना कुणी घालणारच आहे. ७५० मिलीच्या रेअर ब्रीडमध्ये ४३८ मिली अल्कोहोल असतं. तीच ४० टक्क्यांवर आणली तर जवळपास ११०० मिली होईल. पाणी माझ्या घरचं, हा हिशेबाचा भाग झाला. माझ्यासाठी खरं कारण हे की पाणी कुठे थांबवायचं ते मला ठरवता येतं. शिवाय ४६ टक्क्यांच्या खाली गेलेली व्हिस्की गारठ्यात गढूळ दिसते, म्हणून बऱ्याच कंपन्या ती थंड करून गाळतात, आणि त्या गाळण्यात जिभेवर दाटपणा देणारा थोडा ऐवज जातो. कडक बाटलीला सहसा त्याची गरज पडत नाही.

आता जळजळ. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला (जाणीव टिपणाऱ्या रेणूला) डिवचतं, त्यालाच अल्कोहोलही डिवचतं. एरवी ४२ अंशांच्या आसपास ‘भाजलं’ म्हणून ओरडणारा तो रिसेप्टर अल्कोहोल लागलं की त्याच्या बऱ्याच आधी, अंगाच्या साध्या उष्णतेलाच ओरडायला लागतो. ठेचा खाल्ल्यावर कडक व्हिस्की पारखायला बसू नये ते यासाठीच. मी जेवणाआधी बसते, आणि स्वयंपाकघरात फोडणी पडायच्या आत. हिंगाचा वास घरभर झाला की त्या दिवशीची परीक्षा रद्द.

ग्लास खाली फुगीर, वर निमुळता. त्यात ३० मिली, जास्त नाही. दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा, म्हणजे वरची उग्र वाफ निघून जाते. वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका, वाइन पिणारे हमखास तेच करतात. ग्लास हनुवटीशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं. पहिला घोट हिशेबात धरायचा नाही, तो जिभेला सवय लावण्यापुरता. दुसरा मात्र तोंडात घोळवायचा, अक्षरशः चावल्यासारखा. जिम बीम या बर्बन कंपनीचे मुख्य व्हिस्कीकार बुकर नो असंच करत, आणि बर्बनवाले त्याला ‘केंटकी च्यू’ म्हणतात.

मग पाणी. खोकल्याच्या औषधावर ५ मिलीचं टोपण येतं, ते धुऊन ठेवलंय. ३० मिली रेअर ब्रीडमध्ये एक टोपण घातलं की बरोबर ५० टक्के होतात, दुसरं घातलं की ४४ च्या जरा खाली, म्हणजे जवळजवळ आपल्याकडच्या बाटलीइतके. दर टप्प्यावर दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा वास, पुन्हा घोट. २०१७ साली स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवलं होतं की धुराच्या वासाचा ग्वायकॉल ४५ टक्क्यांपर्यंतच्या द्रवात पृष्ठभागाशी गोळा होतो, आणि ५९ च्या वर गेलं की आत अल्कोहोलच्या गराड्यात राहतो. नाकाला हे आधीपासून ठाऊक होतं, पण कारण कळलं की बरं वाटतं.

गुण कशाला देते? कॅरॅमल आणि व्हॅनिलाला तर नाहीच. बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या बॅरलमध्येच ठेवायचं असा कायदा आहे, तेव्हा ते वास येणारच. जळजळीलाही नाही. ७० टक्क्यांच्या वरच्या बाटल्यांना इथे कौतुकाने ‘हॅझमॅट’ (धोकादायक माल) म्हणतात आणि काही जण त्या सोसून दाखवतात, दाखवू देत. मी बघते की पाणी पडल्यावर व्हिस्की टिकते का. रेअर ब्रीड ५८ ला मिरी आणि संत्र्याच्या सालीसारखी लागते, ५० ला लवंग आणि काकवी वर येतात. माझ्या मते ती तिथे सर्वांत छान. ४४ ला लवंग राहते पण काकवी पातळ होते, म्हणून तिथवर मी सहसा जात नाही. काही महागड्या बाटल्या मात्र एका टोपणातच उघड्या पडतात: ओल्या लाकडाचा कडवटपणा, कोरडी जीभ, बाकी काही नाही. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास दहा मिनिटांनंतरही हटत नसेल तर पाणी घालूनही तो हटेल अशी आशा मी धरत नाही. धुतला नसेल तर रिकामा ग्लास दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, लाकूड कसं होतं ते तेव्हा नीट कळतं.

दोन बाटल्यांची तुलना करायची तर ओतायचं काम नवऱ्याकडे. तो ग्लासांच्या तळाला चिठ्ठ्या लावतो, कारण लेबल दिसलं की जीभ पक्षपाती होते. तुलनेला दोन ग्लास पुरे. तिसऱ्याला कुठल्याच मताला अर्थ उरत नाही: ५८ टक्क्यांच्या ६० मिलीत ३५ मिली अल्कोहोल जातं, आपल्या नेहमीच्या ६० मिलीच्या पेगात साधारण २६.

बर्फ? उन्हाळ्यात खुशाल घाला, पण मग मत देऊ नका; गारठ्याने वास बसतो.

आणि जाताना बाटली न्यायची असेल तर ७० टक्क्यांहून कडक दारू विमानात चालत नाही, चेक-इनच्या सामानातसुद्धा. भारतात उतरल्यावर माणशी २ लिटरपर्यंत जकात नाही. ७५० मिलीच्या दोन बाटल्या त्यात बसतात. तिसरीसाठी सोबत कुणाला तरी आणा.