गायब झालेलं अधिकचिन्ह

पासवर्ड बदलायची लिंक चालत नाही, अशा तक्रारी सोमवारी सकाळपासून यायला लागल्या. सगळ्यांच्या नाहीत, हीच पंचाईत. मी स्वतः तीनदा लिंक मागवली, तिन्ही चालल्या. सपोर्टवाले ‘कॅश क्लिअर करा, नवी लिंक मागवा’ हे पालुपद लावून बसले होते. नवी लिंक बऱ्याचदा चालायचीही, त्यामुळे कॅशवरचा त्यांचा विश्वास आणखी पक्का.

चौथी लिंक फसली. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये विंडो.लोकेशन.एचरेफ, म्हणजे उघडलेला पूर्ण पत्ता, छापला. त्यातलं टोकन, म्हणजे लिंकची ओळख पटवणारी अक्षरमाळ, मेलमधल्यासारखंच. मग आपल्या कोडने त्यातून काढलेलं टोकन छापलं. घाईत तेही तेच वाटलं. लांबी दोन्हीची 24. शेवटी दोन्ही एकाखाली एक चिकटवली. नवव्या जागी वर ‘+’, खाली कोरी जागा.

तो कोड शुक्रवारी मीच ‘स्वच्छ’ केला होता. आधीच्या सहकाऱ्याने लोकेशन.सर्चचे, म्हणजे पत्त्यातल्या ‘?’पासूनच्या भागाचे, हाताने तुकडे पाडून प्रत्येक तुकडा डीकोडयूआरआयकॉम्पोनंट या ‘%’चे संकेत उलगडणाऱ्या फंक्शनमधून काढला होता. बारा ओळींचं ते ध्यान बघून मी हसलो आणि तेच काम आयतं करणाऱ्या यूआरएलसर्चपॅराम्सची एक ओळ बसवली. डीकोडयूआरआयकॉम्पोनंट ‘+’ला हात लावत नाही, यूआरएलसर्चपॅराम्स मात्र वेब फॉर्मच्या जुन्या रिवाजाप्रमाणे त्याची स्पेस करून टाकतं. माहीत होतं मला हे. मुलाखतीत विचारलं असतं तर धडाधड सांगितलंही असतं.

टोकन 16 बाइटचं, बेस 64 मध्ये, म्हणजे 64 चिन्हांत लिहिलेलं. त्या 64 चिन्हांतलं एक ‘+’, आणि ते पडू शकेल अशा 24 पैकी 21 जागा; शेवटच्या तिनांत ते येऊच शकत नाही. म्हणजे शंभरातल्या साधारण 28 लिंका फसणार. सलग तीन सुटणं काही फार मोठं नवल नव्हतं.

खरं तर लिंक बनवतानाच ‘+’चं ‘%2बी’, म्हणजे पत्त्यात ‘+’ लिहायचा सुरक्षित संकेत, व्हायला हवं होतं. सर्व्हरकडचा म्हणाला, “दोन वर्षं चाललंय की!” चाललं होतं ते त्या बारा ओळींच्या जिवावर.

आता टोकनांत ‘+’ आणि ‘/’ ऐवजी ‘-’ आणि ‘_’ येतात. पण गेलेल्या मेल परत बोलावता येत नाहीत, म्हणून स्पेसचं पुन्हा ‘+’ करणारी एक ओंगळ ओळ मी घातली. ती अजून आहे.

त्या सहकाऱ्याने मुद्दाम तसं लिहिलं होतं, की सहज जमून गेलं होतं? फंक्शनवर एका शब्दाची कॉमेंट नव्हती. माझ्या एका ओळीवर चार ओळींची आहे.