थिसिसमधलं प्रकरण दोन गायब झालं त्याची गोष्ट

१९९२ ची गोष्ट. बारावी झाली, कॉम्प्युटर क्लास केला आणि कोल्हापुरात एका जॉबवर्कच्या दुकानात ऑपरेटर म्हणून चिकटलो. बिलं, पत्रं, लग्नपत्रिकेचे मजकूर असलं सगळं यायचं, पण खरा पैसा थिसिस टायपिंगमध्ये. मशीन म्हणजे पीसी एक्सटीचा क्लोन (नक्कल), हार्डडिस्क नाही, ३६० केबीचे दोन फ्लॉपी ड्राईव्ह, ए मध्ये डॉस (मशीन चालवणारी सिस्टीम) नाहीतर वर्डस्टार (टायपिंगचा प्रोग्राम) आणि बी मध्ये गिऱ्हाईकाचा डेटा. मॉनिटर हिरवा, दुपारभर बघितला की बाहेर पडल्यावर सगळं जग गुलाबी दिसायचं.

दुकानातला सीनियर ऑपरेटर, त्याला आम्ही दादा म्हणायचो, त्याचा एकच नियम होता. फाईल नुसती बघायची असेल तर टाईप कमांड, बदलायची असेल तरच वर्डस्टार. कारण वर्डस्टारमध्ये उघडली की हात कुठेतरी लागतोच आणि मग कंट्रोल-के-डी मारून तो घोळ आपणच सेव्ह करतो. टाईप बिचारी काही बदलूच शकत नाही, नुसती दाखवते. शिवाय ती कमांड डॉट कॉमच्या, म्हणजे डॉसमधल्या कमांडा ऐकणाऱ्या प्रोग्रामच्या, आतच असते, वेगळी फ्लॉपी घालायला लागत नाही.

पण दाखवते म्हणजे कशी, तर धाडधाड. स्क्रीनवर २५ ओळी, एका ओळीत ८० अक्षरं, आणि फाईल सुरू झाली की शेवटापर्यंत पळत सुटायची. कंट्रोल-एस दाबलं की थांबायची, कुठलीही की दाबली की परत पळायची. हवी ती ओळ आली आली म्हणेपर्यंत वर निघून जायची. आम्ही शेवटी टर्बो बटण बंद करून मशीन ४.७७ मेगाहर्ट्झवर आणायचो, म्हणजे जरा हळू पळेल. आज कुणाला सांगितलं तर हसतात, पण वाचण्यासाठी मशीन मुद्दाम हळू केलंय आम्ही.

दुसरी गंमत वर्डस्टारच्या फाईलींची. डॉक्युमेंट मोडमध्ये टाईप केलेली फाईल टाईप कमांडने बघितली की जवळजवळ प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर भलतंच, ई च्या जागी ग्रीक सिग्मा, एस च्या जागी गणितातलं लहान-किंवा-समान. पहिल्यांदा मला वाटलं व्हायरस. दादा म्हणाला, अरे एक अक्षर म्हणजे एक बाईट, आठ बिटांचा, इंग्रजीला त्यातले सातच पुरतात, वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करून ठेवतो, जस्टिफाय करताना जागा कुठे सोडायची ते त्याला कळावं म्हणून, आणि टाईपला त्यातलं काही माहीत नसतं, बाईट दिसला की छापला. आठवडाभरात डोळ्यांना तेही वाचायची सवय झाली.

तर मुख्य गोष्ट. एका सरांचा थिसिस होता, इंग्रजीत, सात प्रकरणं, प्रत्येक प्रकरण वेगळी फाईल. सरांना पहिली दोन प्रकरणं एकत्र हवी होती, पान नंबर सलग म्हणून. मी हुशार. पुस्तकात वाचलं होतं की कॉपी कमांडला अधिक चिन्ह देऊन फाईली जोडता येतात, आणि स्लॅश बी म्हणजे बायनरी, एकही बाईट सुटत नाही. मग लावला स्लॅश बी. डिर (फाईलींची यादी) मारून बघितलं, पहिली फाईल २८४१६ बाईट, दुसरी ३३५३६, जोडलेली ६१९५२. बेरीज बरोबर. फ्लॉपीवर जागा कमी होती, पुढची प्रकरणं टाईप करायची होती, म्हणून आधी सगळ्या बॅक फाईली (वर्डस्टार ठेवतो त्या आधीच्या प्रती) उडवल्या आणि मग (इथे आजही पोटात गोळा येतो) मूळ दोन्ही फाईली पण उडवल्या.

नंतर सहज टाईप करून बघितलं तर प्रकरण एक संपलं आणि प्रॉम्प्ट (पुढची कमांड द्या म्हणणारी खूण) आला. दुसरं प्रकरण नाहीच.

परत मारलं, तेच. पहिलं काय केलं तर फ्लॉपीच्या खाचेवर राईट प्रोटेक्टचा काळा स्टिकर चिकटवला, म्हणजे आता निदान माझ्याकडून आणखी काही पुसलं जाणार नाही. मग नीट पानापानाने बघावं म्हणून टाईपच्या पुढे उभी दांडी (म्हणजे पाईप) टाकून मोर (एकेक स्क्रीन थांबत दाखवणारी कमांड) लावलं, तर राईट प्रोटेक्ट एरर! नुसतं वाचतोय तर लिहितंय कोण? नंतर कळलं, डॉसमध्ये पाईप म्हणजे खरा पाईप नसतोच, पहिल्या कमांडचं आउटपुट आधी चालू ड्राईव्हवर एका तात्पुरत्या फाईलीत लिहिलं जातं आणि मग दुसरी कमांड ती वाचते. मी होतो बी वर आणि बी ला स्टिकर. मग मोर आणि फाईलनेममध्ये लहान-चिन्ह टाकलं की चाललं, त्यात तात्पुरती फाईल लागत नाही. (ते चिन्ह विसरून नुसतं मोर आणि फाईलचं नाव दिलं की ते ढिम्म कीबोर्डकडे बघत बसतं आणि आपण त्याच्याकडे. असं पण झालंय.) पण मोरनेही तेच दाखवलं, प्रकरण एक, समाप्त.

दादा जेवून आला. ऐकून घेतलं, काही बोलला नाही, डॉसच्या फ्लॉपीवरचं डीबग (फाईलीतला बाईट न् बाईट दाखवणारा प्रोग्राम) चालू केलं. तो म्हणाला, डिर ६१९५२ म्हणतंय ना, मग माल आत आहे, दाखवणारा थांबतोय. डीबग फाईल मेमरीत हेक्स (दहाऐवजी सोळाच्या हिशोबाचे आकडे) १०० पासून भरतं, त्या हिशोबाने पहिल्या प्रकरणाचा शेवट कुठे येईल ते वहीत काढलं आणि डी ६एफ८० (तिथले बाईट दाखव) मारलं. आठ ओळी आल्या, डावीकडे हेक्स, उजवीकडे अक्षरं. मजकूर संपला आणि पुढे नुसतं १ए १ए १ए १ए, ओळीच्या ओळी.

१ए म्हणजे कंट्रोल-झेड. भानगड अशी की डॉसच्या आधीची सीपी-एम सिस्टीम फाईलची लांबी १२८ बाईटच्या तुकड्यांतच मोजायची, नेमका शेवट तिला माहीतच नसायचा, म्हणून मजकूर संपला की कंट्रोल-झेड टाकायची पद्धत होती. वर्डस्टार मूळचा तिथला, त्यामुळे डॉसवर आला तरी शेवटचा तुकडा कंट्रोल-झेडने भरत राहिला. आणि टाईपला कंट्रोल-झेड दिसला की तिच्या मते फाईल संपली. माझ्या स्लॅश बी ने एकही बाईट सोडला नव्हता, म्हणजे मधले कंट्रोल-झेडपण सोडले नव्हते. साधं कॉपी केलं असतं तर जोडताना ते आपोआप गळले असते. वर्डस्टारपण तिथेच थांबतो, म्हणजे मी ती फाईल त्यात उघडून सेव्ह केली असती तर दुसरं प्रकरण खरंच गेलं असतं.

आता बाहेर काढायचं कसं? फाईल मेमरीत होतीच. बी मध्ये कोरी फ्लॉपी घातली. दुसरं प्रकरण ७००० पासून एफ२एफएफ पर्यंत, ते एम कमांडने उचलून १०० वर आणलं, सीएक्स रजिस्टरमध्ये (किती बाईट लिहायचे ते सांगायची जागा) हेक्स ८३०० म्हणजे ३३५३६ टाकलं, एन ने नवीन नाव दिलं, डब्ल्यू (लिही) मारलं. ड्राईव्ह घरघरला. टाईप केलं तर 'चॅप्टर टू', शेवटाला सिग्मा न् काय काय घेऊन, पण आलं! पहिलं प्रकरण तर सोपं, कॉपीला स्लॅश ए लावला की ती पहिल्या कंट्रोल-झेडलाच थांबते. मग दोन्ही परत जोडली, यावेळी स्लॅश बिश काही नाही.

सरांना यातलं काही कळलं नाही. संध्याकाळी येऊन प्रिंट घेऊन गेले, वर दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलंय म्हणून ऐकवून गेले. दादा एवढंच म्हणाला, "लेका, दोन फ्लॉप्या घे की रे, किती पैसे वाचवतोस मालकाचे."

पुढे दादाच्या मित्राने पुण्याहून लिस्ट डॉट कॉम (वेबसाईट नव्हे, फाईल दाखवणारा प्रोग्राम) आणून दिलं, व्हर्नन ब्युर्ग नावाच्या अमेरिकन माणसाचं, आणि आमचं आयुष्यच बदललं. मोरमध्ये पुढे गेलं की मागे येता येत नाही, यात पेज-अप मारून मागे जा, शब्द शोध, काय वाट्टेल ते. आठवा बिट काढून दाखवायची पण सोय, म्हणजे वर्डस्टारची फाईल एकदम स्वच्छ. ती सोय मी कायम चालूच ठेवायचो.

मग दुकानात सीडॅकचं जिस्ट कार्ड (मशीनला मराठी दाखवायला लावणारं) आलं, मराठी टायपिंग सुरू झालं. एक दिवस जिस्ट नसलेल्या मशीनवर मराठी फाईल लिस्टमध्ये उघडली तर स्क्रीनभर आकडे आणि कॅपिटल अक्षरं. इस्कीमध्ये (आपल्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देण्याची पद्धत) मराठी अक्षरं आठव्या बिटाच्या पलीकडेच राहतात, क म्हणजे १७९, त्यातले आठव्या बिटाचे १२८ गेले की उरले ५१, आणि ५१ म्हणजे आकडा ३. काना झाला झेड. फाईलीत कुणाच्या तरी घरच्या कार्याचं आमंत्रण होतं, आणि आमंत्रण देणारे काका स्क्रीनवर तीन-झेड-तीन-झेड. सोय बंद केली तर नुसत्या उभ्या दांड्या आणि चौकटीचे कोपरे आले. दादाला हाक मारली, तो म्हणाला, "जिस्टवर जाऊन बघ, आणि सेव्ह करू नको."