फुलांनी गच्च, पण फळ नाही

प्लम आणि जर्दाळूच्या संकराची झाडं सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, पण त्या फुलोऱ्यातला एक दिवस डोक्यातून जातच नाही. फ्लेवर किंग हा प्लूओट, म्हणजे अशाच संकराची एक जात, पांढऱ्या फुलांनी नुसता गच्च भरलेला, आणि आदल्या वर्षी अगदी असाच फुलून त्याला लागली होती मोजून चार फळं. खत पाणी सगळं वेळेवर, फुलात कडाक्याची थंडीही पडली नव्हती, मग अडत होतं कुठं?

सकाळी भिंग घेऊन एकेक फूल बघत बसलो. पराग भरपूर, स्त्रीकेसराचं टोक ओलसर चिकट, म्हणजे फूल तयार होतं. मग वर बघितलं आणि पोटात धस्स झालं, याच झाडावर सांता रोझा प्लमची एक फांदी कलम केलेली होती ती दोन छाटण्यांमागंच कापली गेलेली आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं! फ्लेवर किंगला स्वतःचे पराग चालत नाहीत, परागनळी अर्ध्या वाटेत थांबते, दुसऱ्या जातीचे लागतातच. शेजारचा जर्दाळू तर कधीच फुलून मोकळा झालेला.

पलीकडच्या वाफ्यात सांता रोझा ऐन फुलात होता. अमेरिकेतले फळझाडांच्या नव्या जाती काढणारे ल्यूथर बरबँक यांची ही १९०६ सालची जात, प्लमकॉट हा प्लम-जर्दाळूचा संकरही त्यांनीच केलेला, आणि तिथलेच दुसरे संकरकार फ्लॉइड झायगर यांचे प्लूओट त्याच्या कितीतरी नंतरचे, तरी नव्या झाडाचं जुन्यावाचून अडतं याचं मला फार अप्रूप वाटतं. फुललेल्या फांद्या तोडून पाण्याच्या बादल्यांत घातल्या आणि झाडात टांगल्या. पण आभाळ आलेलं, गार वारा, मधमाशी एक दिसेना. शेवटी मऊ ब्रश घेऊन शिडीवर चढलो, एका फांदीला लाल दोरा बांधला आणि तिची फुलं एकेक करून हातानं पराग लावून काढली, दुपार कधी कलली कळलं नाही.

तीन आठवड्यांनी बाकीच्या फांद्यांवरची फुलं बहुतेक देठासकट पिवळी पडून गळाली. लाल दोऱ्याच्या फांदीवर मात्र वाळलेलं टरफल फाडून हिरवे मणी बाहेर आलेले, बोटानं हलवून बघितले तर घट्ट. मी ते दोनदा मोजले, सत्तेचाळीस.

त्याच हिवाळ्यात सांता रोझाची काडी पुन्हा कलम केली, आणि त्या फांदीला बुडापासून लाल रंगाचा पट्टा मारून ठेवलाय.